सुईण, डॉक्टरीण आणि मधे मी

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझी आईही गरोदर होती. हे सांगितलं की आता नातसुना तोंडावर हात ठेवून हसतात. पण निजामाच्या अमलात आमच्या भागात हे काही नवल नव्हतं. लेक लवकर उजवायची, आणि आईचा पाळणा काही लगेच माळ्यावर जायचा नाही. नवल नव्हतं, पण लाज मात्र होती. मायलेकी दोघी पोटं सांभाळत एका घरात वावरणार म्हटल्यावर आईनं जळकोटहून निरोप धाडला, "पोरीला माहेरी आणू नका, मला बाहेर तोंड दाखवता येणार न्हाय." आणि आपल्या बदली तिनं गावची सुईण माझ्याकडं पाठवून दिली.

आम्ही तेव्हा तुळजापुरात राहत होतो. देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका पुजाऱ्याच्या घरामागं दोन खोल्या होत्या. माझा नवरा सरकारी शाळेत मास्तर. शिकवायचं उर्दूतून, चिडायचं मराठीतून. त्यांना कुठल्याही नव्या गोष्टीचं भारी वेड. दवाखान्याच्या जनाना भागात हैदराबादेहून एक डॉक्टरीण आली आहे, बाळंतपणाच्याच कामात शिकून तयार झालेली आहे, हे कळल्यापासून त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की आपलं मूल तिच्या हातून होणार. मला विचारलं नाही. आईनं सुईण पाठवताना मास्तरांना विचारलं नाही. असा सगळा बेत जमला.

सुईण आली ती मोटारीतून उतरून थेट स्वयंपाकघरात. डोक्यावर गाठोडं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाचा करंडा. आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो. माझा जन्म तिच्याच हातावर झालेला. मूळची ती सरहद्दीपलीकडच्या कानडी गावची. मराठी बोलायची, पण राग आला की कानडीत शिरायची, आणि राग तिला दिवसभर असायचा, म्हणून लहानपणापासून ती कानडी मलाही कळायची. मला उभं केलं, मागून बघितलं, पुढून बघितलं, चालायला लावलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. पण लई बसती तू. उद्यापासून जमीन सारवायची, उकिडवं बसून."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला दवाखान्यात नेलं. अव्वा म्हणाली, मी पण येणार. मास्तर बाहेर थांबले, कारण आत पुरुषाला मज्जाव. आत आम्ही तिघीच.

डॉक्टरीणबाई उंच, सडपातळ, माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. बुरखा खुंटीला टांगलेला, अंगात पांढरा कोट, तोंडात विडा. बोलणं शुद्ध उर्दू, इतकं नितळ की बाजारातलं दख्खनी येणाऱ्याला त्यातलं निम्मं कळू नये. मला कळायचं. लहानपणी शेजारच्या अत्तारांच्या मुलींबरोबर खेळून जीभ वळली होती आणि लग्नानंतर मास्तरांनी उरलेली वळवली. अव्वाला मात्र "कायकू" आणि "नक्को" याच्या पुढं गाडी नव्हती.

त्यांनी माझ्या पोटावर लाकडी भोंगा ठेवला आणि त्याला कान लावला. अव्वानं ते बघितलं आणि कानडीत म्हणाली, "बहिरी दिसते बाई. मी तर नुसतं हात ठेवून सांगते."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "क्या कहती हैं बड़ी बी?"

आता मी काय सांगणार? पहिल्याच भेटीत ही बाई माझ्यावर चिडली तर पुढं हिच्याच हातात माझा जीव. मी म्हटलं, "कहती हैं, आपके हाथ में बड़ी बरकत है."

डॉक्टरीणबाई थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग अव्वाच्या हातांकडं बघून म्हणाल्या, "इनसे कहो, ये नाख़ून लेकर मेरी मरीज़ को हाथ न लगाएँ. नाख़ून हैं कि खुरपे?"

"काय म्हणती?" अव्वानं विचारलं.

"म्हणतात, हात बघूनच कळतं, लई बाळंतपणं केलीत तुम्ही."

अव्वाच्या कपाळावरची आठी अर्धी उलगडली. "बरी दिसते तशी," ती म्हणाली. "पण तिला इचार, तिला लेकरं किती?"

मी विचारलं. लग्नच झालं नव्हतं.

"स्वतः कधी पाण्यात उतरली न्हाय अन् आपल्याला पोहायला शिकवती व्हय!" अव्वा कानडीत करवादली.

ते मी उर्दूत असं सांगितलं, की अव्वा विचारतायत, एवढ्या लहान वयात तुम्ही एवढं कसं शिकलात? डॉक्टरीणबाईंचं काहीतरी टेबलाखाली पडलं. ते शोधायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

घरी येताना अव्वा मास्तरांना म्हणाली, "बाई शानी हाय. माणूस ओळखती." त्या एका वाक्यानं मला माझ्या हातात काय सापडलंय ते कळलं. एक सुईण, एक डॉक्टरीण. दोघींना माझं भलं करायचं होतं आणि दोघींचं एकमेकींशी अवाक्षर मला विचारल्याशिवाय होत नव्हतं. अशी सत्ता माझ्या हातात त्याआधी कधी आली नव्हती, नंतरही आली नाही.

मग मी राज्य सुरू केलं.

अव्वा म्हणायची, दुपारी झोपायचं नाही, मूल सुस्त होतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, दुपारी जेवण झाल्यावर थोडं पडा, डाव्या कुशीवर. मी अव्वाला सांगितलं, "त्या म्हणतात, जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत उठायचंच न्हाय." अव्वा म्हणायची, जमीन सारवायची, पाणी भरायचं, कमरेचे सांधे मोकळे होतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरलेली घागर उचलू नका, बाकी हलकं काम चालेल. मी सांगितलं, "त्या म्हणतात, कामाला हात लावायचा न्हाय." मग सारवायचं कुणी? अव्वाचे गुडघे दुखायचे. राहिले मास्तर.

मास्तर सारवायला बसले. शाळेतून आले की कोट काढायचे, धोतर खोचायचे आणि शेणाचा पोतेरा घेऊन जमिनीवर. पुजाऱ्याची बायको खिडकीतून बघायची. तिनं आपल्या नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या बायकांना आपापल्या दवाखान्याच्या कागदात सारवण्यातून काही सूट आहे का, ते बघायचं होतं. मास्तर मात्र छाती काढून सांगायचे, "ही सायंटिफिक पद्धत आहे." अव्वा चुलीपुढून म्हणायची, "कोपरा ऱ्हायला."

दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, की आमच्या अव्वांच्या मते बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचा कान फुटतो. हे खरंच ती म्हणायची. पण डोहाळे कसले हे मी माझ्या मनानं सांगायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किस चीज़ का जी चाहता है?" मी म्हटलं, हैदराबादची ती बेकरीची बिस्किटं, तुमच्या डब्यात असतात ती. त्यांनी डबाच पुढं केला.

माझं एकदाच काही चाललं नाही. पायावर सूज आली तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि म्हणाल्या, मीठ कमी, लोणचं-पापड बंद. मी वाटेत मनात छान भाषांतर तयार केलं होतं. पण घरी पाऊल टाकलं तर अव्वानं माझी घट्ट झालेली जोडवी बघून आधीच लोणच्याची बरणी पुजारणीकडं पोचती केलेली. दोघींचं एकमत झालं की दुभाष्याला कुणी विचारत नाही. सूज उतरेपर्यंत मी अळणी पिठलं खाल्लं आणि दोघींनाही मनातल्या मनात, प्रत्येकीला तिच्या भाषेत, शिव्या दिल्या.

पण नखांच्या बाबतीत मी एक चांगलं काम केलं, तेही खोटं बोलूनच. डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या, की या बाईनं नखं काढली नाहीत तर मी हिला बाळंतपणाच्या खोलीत पाय ठेवू देणार नाही. हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर अव्वा त्याच दिवशी गाठोडं उचलून मोटारीत बसली असती. मी म्हटलं, "अव्वा, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, हैदराबादेत राजवाड्यात ज्या सुइणी आहेत ना, त्या नखं मुळापासून काढतात, साबणानं कोपरापर्यंत हात धुतात, अन् नाळ कापायची कात्री उकळून घेतात. म्हणून त्यांना मान."

"राजवाड्यात?"

"खुद्द जनान्यात."

संध्याकाळी अव्वा उंबऱ्यावर बसून पुजाऱ्याच्या न्हाव्याकडून नखं काढून घेत होती आणि त्याला दटावत होती, "मुळापासून काढ रं. राजवाड्यात अशी अर्धी ठेवत न्हाईत."

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला ते हात बघितले. माझ्याकडं बघितलं. कपाटातून लाल साबणाची वडी काढली आणि अव्वाच्या ओंजळीत ठेवली. अव्वानं ती हुंगली, डोक्याला लावली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याच हाती त्यांना शेंगाच्या पोळ्या पाठवल्या. त्यातली एक वाटेत कमी झाली.

मग आलं ते तेल. डॉक्टरीणबाईंनी एक बाटली दिली, सकाळी एक चमचा प्यायचं, ताकद येते. बूच काढलं आणि माझ्या पोटातलं मूलसुद्धा दचकलं असेल. माशाचं तेल! आमच्या घरात अंडं कुणी बघितलेलं नाही, आणि मी मासा पिणार? पण डॉक्टरीणबाईंना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. घरी अव्वानं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "अंगाला लावायचं औषधी तेल हाय."

झालं. अव्वा रोज सकाळी माझ्या पाठीला, पोटऱ्यांना ते तेल रगडायला लागली. ती नाक मुरडायची, पण तिच्या मते ज्या औषधाचा वास वाईट ते गुणकारी. मला वाटलं, सुटले. मांजरांचा विचार मी केला नव्हता.

आधी पुजाऱ्याची मांजर आली. मग तिची पिलं. मग देवळाच्या बाजूनं, धर्मशाळेच्या बाजूनं. मी ओसरीवर बसले की माझ्या पायाशी मांजरांचा बाजार. मी पाणवठ्यावर निघाले की मागून वरात. एक काळा बोका तर रात्रंदिवस उंबऱ्यावर असायचा आणि मास्तर आत जायला लागले की गुरगुरायचा. गल्लीत बोलवा झाली, की मास्तरांच्या बायकोवर देवीची काहीतरी वेगळी कृपा आहे. एक म्हातारी तर माझी ओटी भरून गेली.

डॉक्टरीणबाई एका दुपारी टांग्यातून घरी आल्या, शेवटचे दिवस जवळ आले होते म्हणून. ओसरीवरच्या मांजरांतून वाट काढत आत आल्या, उभ्या राहिल्या आणि श्वास ओढला. मग माझ्या पोटरीवर बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"बड़ी बी से पूछो," अगदी थंडपणे म्हणाल्या, "तेल अच्छी तरह जज़्ब हो रहा है?" अंगात नीट मुरतंय ना तेल?

मी अव्वाला म्हटलं, "विचारतायत, तब्येत बरी हाय का."

"बरी हाय की," अव्वा म्हणाली आणि चिडून कानडीत शिरली. "पण त्यांना म्हणावं, तुमच्या ह्या तेलानं मांजरं लई झाली. आमच्यात अळीव देतेत, खारीक देतेत, नाचणीची आंबील देतेत. त्यानं काय ताकद येत न्हाय व्हय? ह्यो मेलेल्या माशाचा वास कशाला?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच डॉक्टरीणबाईंनी कोनाड्यातली बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली होती. "अळीव, खारीक, आंबील. रोज," त्या मला उर्दूत म्हणाल्या. मग त्याच कोनाड्यातली दुसरी बाटली उचलली. ती अव्वाची होती, एरंडेलाची. कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून नववा सरता सरता ते पाजायचा तिचा बेत होता. "आणि हे नाही. यानं बाई आणि बाळ दोघंही हैराण होतात." तीही पिशवीत गेली.

अव्वानं मला भाषांतर विचारलंच नाही. कनवटीला हात लावून बघत राहिली आणि म्हणाली, "एकाला एक. ठीक हाय."

अव्वाचं वाक्य मी अजून उर्दूत नेलंच नव्हतं, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही. सुटल्याच्या आनंदात होते मी.

कळा सुरू झाल्या मंगळवारी सकाळी. मंगळवार म्हणजे देवीचा वार, सोलापूरकडच्या मोटारी येऊन थडकलेल्या, रस्ता माणसांनी भरलेला. मास्तर डॉक्टरीणबाईंना आणायला धावले. अव्वानं मला अंगणात फिरवत ठेवलं. कळ आली की तिच्या खांद्याला लटकायचं, गेली की चालायचं. आढ्याला तिनं दोर बांधला होता, धरून बसायला. मला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, पण त्या गर्दीतून टांगा खालपर्यंत येईना, आणि मूल काही टांग्यासाठी थांबेना.

डॉक्टरीणबाई पायीच आल्या, घाईत बुरखा खुंटीलाच राहिलेला. गर्दीत एका आराध्यांच्या मेळ्यात सापडल्या होत्या, आणि मेळ्यानं देवीच्या नावानं उधळलेलं हळदकुंकू सगळं बाईंच्या कोटावर. केसात, भुवयांवर, नाकावर. हातातली पिशवी तेवढी पोटाशी धरून वाचवलेली.

अव्वा कानडीत म्हणाली, "देवीनं हिला वाटेतच मळवट भरला. आता तरी लग्न होईल."

मी कळ देत होते, म्हणून ते तसंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, कात्री पाण्यात उकळत टाकली आणि खाट खिडकीखाली ओढली. "लेट जाओ बेटी."

"उकिडवी बस," अव्वा म्हणाली.

"लेटो."

"बस म्हणते ना! पडून कधी कुठं खाली येतं व्हय? पाणी तरी वर चढतं का?"

"क्या कहती हैं?"

"वो कहती हैं—अगं आई गं—वो कहती हैं—"

"काय म्हणती ती?"

"त्या म्हणतात—"

"इनसे कहो मुझे नीचे देखना है, बैठेगी तो मैं देखूँगी कैसे?"

"तिला म्हणावं, बघायचं असंल तर खाली वाक की! मी आयुष्यभर वाकूनच बघितलं."

एकीचं तोंड उजव्या कानाशी, दुसरीचं डाव्या. मधे मी. आणि आतून तिसरं माणूस आपली वाट काढतंय. इतके महिने ज्या भाषांतरावर मी राणीसारखी जगले, ते भाषांतर आता दोघी माझ्याकडून मागत होत्या आणि माझ्याकडं एका भाषेतला एक शब्द उरला नव्हता. मी दोर सोडला आणि ओरडले, "तुमचं तुम्ही बघा! मला न्हाय कुणाचं काय सांगायचं! मला काय बी येत न्हाय!"

बाहेर संबळ वाजत होता.

मग डॉक्टरीणबाई अव्वाकडं वळल्या आणि स्वच्छ कानडीत म्हणाल्या, "अव्वा, नीव बेन्न हिडीरी. ना केळग नोडतीनी." तुम्ही पाठ धरा, मी खाली बघते.

अव्वाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"यव्वा!" ती म्हणाली. आणि मग अगदी बारीक आवाजात, "सगळं कळत होतं?"

"सगळं," डॉक्टरीणबाई कानडीतच म्हणाल्या आणि जमिनीवर पोतं टाकून गुडघ्यावर बसल्या. "बहिरी. पाण्यात न उतरलेली. आत्ताचं लग्नाचंसुद्धा. पाठ धरा आता."

मला कळ होती आणि मला हसू फुटलं. ऐन वेळी, पोटात सुरी फिरल्यासारखं होत असताना मी हसत सुटले. हसता हसता रडले, रडता रडता पुन्हा हसले. अव्वा माझ्या मागं भिंतीसारखी बसली, दोन्ही काखेतून हात घालून मला उचलून धरलं. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. आता दोघींचं एकच बोलणं चाललं होतं, भराभरा, कानडीत, आणि मला कुणी विचारत नव्हतं. "आता न्हाय, आता दम धर," दोघी एकदमच म्हणाल्या. नाळेचा वेढा मानेभोवती होता. डॉक्टरीणबाईंनी बोट घालून तो अलगद काढला. आणि मग ती आली, माझी लेक, निळीसावळी आणि गप्प. डॉक्टरीणबाईंनी रबरी नळीनं तिचा घसा साफ केला, अव्वानं तिची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, आणि एकदाची ती असं ओरडली की ओसरीवरचा बोका पळाला.

त्यानंतरचं मला थोडं धूसर आठवतं. वार पडली, पण रक्त थांबेना. मी अव्वाचा चेहरा बघितला आणि हसायचं विसरले. तिचे ओठ पांढरे झाले होते. तिनं माझं पोट दोन्ही हातांनी दाबून रगडायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सुई भरली आणि माझ्या मांडीत टोचली. त्यांनी अव्वाच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघी मिळून दाबत राहिल्या. मला वर फक्त चार हात दिसत होते, दोन सुरकुतलेले आणि दोन तरुण. मी विचारलं, "मी मरणार का?" अव्वा म्हणाली, "गप." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुप." ते मला दोन्ही भाषांत कळलं.

रक्त थांबलं. बाहेर मास्तर पुजाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे होते, असं नंतर पुजारणीनं सांगितलं. मास्तरांनी ते कधीच कबूल केलं नाही.

दोन-तीन दिवसांनी माझ्या अंगात जरा जीव आला आणि माझ्या खाटेपाशी माझाच न्यायनिवाडा बसला. डॉक्टरीणबाई मला तपासायला आल्या होत्या. अव्वानं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि कानडीत म्हणाली, "आता सांगा. ही मला काय सांगत होती अन् तुम्ही खरं काय म्हणाला होता."

त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली. मी तोंडावर चादर ओढली.

"हात बघून कळतं, लई बाळंतपणं केलीत, असं म्हणाला होता न्हवं?"

"मी म्हणाले होते, ही नखं आहेत की खुरपी."

"अन् राजवाड्यातल्या सुइणी?"

"मी कुठं बघितलाय राजवाडा?"

"मग दिवेलागणीपर्यंत झोपायचं?"

"थोडं पडा म्हणाले होते."

अव्वानं माझ्या अंगावरची चादर ओढली. "मास्तरांनी इतके दिवस सारवलं ते?"

डॉक्टरीणबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. दारात मास्तर उभे होते, पोतेरा हातात. त्यांनी पोतेरा हळूच भिंतीला टेकवून ठेवला आणि त्या दिवसापासून कधी उचलला नाही.

मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला कळत होतं तर बोलला का न्हाय?"

डॉक्टरीणबाई उर्दूत, माझ्यासाठी, म्हणाल्या, की मी गुलबर्ग्याकडची. मला वाढवलं एका कानडी आयानं. ती मला उठता बसता शिव्या घालायची. ती गेल्यापासून हैदराबादेत मला त्या भाषेत कुणी एक अक्षर बोललेलं नव्हतं. तुमच्या अव्वांनी पहिल्याच दिवशी बहिरी म्हटलं तेव्हा मला वाटलं, आता मला कळतं म्हटलं तर ही बाई सभ्य होईल आणि माझी मजा जाईल. "और फिर," त्या म्हणाल्या, "तुम्हारे झूठ ने नाख़ून कटवा दिए. मेरे सच से न कटते."

हे मी अव्वाला सांगायला गेले. अव्वा म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. मला तिच्याकडूनच ऐकायचं हाय."

त्यांनी तिला कानडीत सांगितलं. माफी वगैरे मागायचा तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, "म्हटलं ते म्हटलं. पण आता लग्नाचं बघा." आणि ताटलीत शेंगाची पोळी वाढली.

शिक्षा मात्र मला झालीच. अव्वाचा बाळंतकाढा सकाळी आणि डॉक्टरीणबाईंचं लोहाचं कडू औषध संध्याकाळी, दोन्ही, एकही न चुकवता, आणि एकीनं दिलं की दुसरी विचारायची, प्याली का? आता त्या थेट एकमेकींशी बोलत होत्या, त्यामुळं पळवाट नव्हती. शेक-शेगडीवरून त्यांचं पुन्हा वाजलं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, खिडकी उघडा, धुरानं बाळाला खोकला होईल. अव्वा म्हणायची, ओल्या बाळंतिणीला वारा लागला तर जन्माची कंबर धरते. शेवटी शेगडी राहिली आणि खिडकी अर्धी उघडी राहिली. कानडीत भांडण फार झकास होतं, हे मला तेव्हा पडून ऐकताना कळलं.

बारसं होतं न होतं तोच जळकोटहून माणूस आला, आईचे दिवस भरत आले म्हणून. अव्वा लाल साबण, डॉक्टरीणबाईंनी दिलेली कात्री आणि एक ॲल्युमिनियमचं भांडं गाठोड्यात बांधून निघाली. आईला मुलगा झाला, अव्वाच्या हातून, नीट. आई नंतर मला म्हणाली, "ह्या बाईला तुळजापुरात काय झालं गं? मी कळा देतेय अन् ही माझ्या जावेला उभी करून हात धुवायला लावतेय. म्हणते, राजवाड्यात असंच करतेत."

"तिला ठाऊक झालंय की राजवाडा खोटा होता," मी म्हटलं.

"ते मला काय ठाऊक. पण जावेनं धुतले."

डॉक्टरीणबाईंची बदली पुढच्याच साली झाली. जायच्या आधी त्या जळकोटला जाऊन अव्वाला भेटून आल्या. मी विचारलं, काय बोललात? त्या म्हणाल्या, "तुम्हें क्यों बताऊँ?" जनाना भागात त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी मला सांगितलं, की खाटांच्या बाजूला जमिनीवर एक जाड चटई आणि आढ्याला एक दोर असायचा, तो कशासाठी ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो कपडे वाळत घालायला वापरला.

दुसऱ्या खेपेला मला मुलगा झाला तेव्हा निजामाचं राज्य संपलं होतं आणि मास्तरांची बदली धाराशिवला झाली होती. तिथला दवाखाना मोठा, स्वच्छ, सगळे मराठी बोलणारे. खाटेवर झोपा म्हणाले, झोपले. उठा म्हणाले, उठले. सगळं बिनबोभाट पार पडलं. निघताना तिथल्या नर्सनं विचारलं, "काही त्रास झाला का बाई?" मी म्हटलं, "न्हाय. पण कंटाळा लई आला."

तिला वाटलं, मला अजून बरं वाटत नाही. तिनं मला आणखी एक दिवस ठेवून घेतलं.